प्राचार्यांचा दात आणि चौथा पेपर

"गायकवाड, तो माणूस तुम्हाला समजला आहे का?" प्राचार्य दीक्षितांनी विचारलं. गालाला रुमाल लावलेला होता.

तो माणूस म्हणजे एक विदेशी तत्त्वज्ञ. त्या वर्षी युनिव्हर्सिटीने त्याला चौथ्या पेपरात घातलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कर्जतच्या कॉलेजात फिलॉसॉफीचा लेक्चरर होतो.

"समजतोय, सर."

"उद्या कमिटी येतेय." कमिटी म्हणजे कॉलेज नीट चालतंय का ते बघायला युनिव्हर्सिटीने पाठवलेली माणसं. "अध्यक्ष तुमच्याच लेक्चरला बसणार आहेत. तुमच्याकडे मुलं कमी. नाही आवडलं तर विषय बंद. मग वर्कलोड कुठून आणू?"

वर्कलोड म्हणजे आठवड्याचे शिकवायचे तास. ते गेले की लेक्चररही जातो.

पुस्तकातले शब्द सोपे होते, वाक्यं छोटी होती आणि काही केल्या कळत नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की 'दुखणं' हा शब्द म्हणजे आपल्या आत दडलेल्या, फक्त आपल्यालाच दिसणाऱ्या वस्तूवर लावलेली चिठ्ठी नव्हे. शब्दाला अर्थ येतो तो चार माणसांत वापरल्याने. एकट्यापुरती भाषा कुणाला करताच येणार नाही.

मला ते पटेना. घरी बायकोला म्हणालो, "माझं डोकं दुखतं ते मलाच कळणार ना?"

"तुमच्याआधी मला कळतं," ती म्हणाली. "तुमी आमटीला नावं ठेवायला लागता."

हे काही मला पुस्तकाचं उत्तर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोट्स वाचून दाखवू लागलो. अध्यक्ष मागच्या बाकावरून खिडकीबाहेर बघत होते. शेजारी प्राचार्य, गाल धरून. इतक्यात कशेळ्याची कुंदा उभी राहिली.

"सर, एकट्याचा शब्द का नाय चालणार? प्राचार्यसरांचा दात ठुसठुसतोय. ते त्यांचं त्यांनाच कळतंय ना?"

"ठुसठुसत नाय, आंबलाय," मागून मारुती म्हणाला. "आवळा खाल्ला असंल."

"आंबल्यावर गाल सुजतो का रं?"

प्राचार्य उठले. "दात माझा आहे. काय होतंय ते मी सांगणार. खदखदतोय."

मग कुंदा हळूच म्हणाली, "सर, खदखदतो तो भात. दात नाय खदखदत."

प्राचार्यांनी थोडा विचार केला. "मग राहून राहून घाव घातल्यासारखं होतं, पार कानापर्यंत जातं, त्याला काय म्हणायचं?"

"ठणका," सगळे म्हणाले.

"मग ठणकतोय," म्हणून ते खाली बसले.

खडू हातात धरून मी तसाच उभा होतो. आणि मला तो माणूस समजला. मी नोट्स मिटल्या.

"सर, दात तुमचा, दुखणंही तुमचं. शब्द मात्र आपल्या सगळ्यांचा. तो बरोबर की चूक हे तुम्हाला एकट्याला ठरवता आलं नाही. ठरवता आलं असतं तर वाटेल तो शब्द चालला असता, आणि मग अर्थ कशालाच उरला नसता. हा माणूस एवढंच म्हणतोय."

अध्यक्ष आता आमच्याकडे बघत होते. त्यांनी कुंदाला विचारलं, "दुसऱ्याच्या आतलं दिसत नाही, मग ठुसठुसणं तू शिकलीस कशी?"

"गळू झालं तवा आई म्हणाली, ठुसठुसतंय का गं? मी हो म्हणले."

उरलेला तास चमक, उसण आणि हुळहुळणं यांत गेला. अध्यक्षांना उसण भरली होती, असं त्यातच निघालं. वर्गाने ती मान्य केली.

विषय वाचला. प्राचार्यांनी त्याच दुपारी दात काढून घेतला. परीक्षेत चौथ्या पेपरात आमची सगळी मुलं पास झाली.

पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीने तो तत्त्वज्ञ काढून टाकला आणि त्याच्याहून अवघड एकाला घातलं. एका मीटिंगमध्ये अध्यक्ष भेटले तेव्हा मी कारण विचारलं.

"मुलांना समजायला लागला होता हो," ते म्हणाले.

तेव्हापासून मी शिकवतो नीटच, पण कमिटीसमोर थोडं अवघड करून.