फ्लॉपीत ठेवलेलं बोलणं

आमच्या बारामतीच्या घरात कॉम्प्युटर हौसेनं आला नाही. तेव्हा ज्यांच्याकडं कॉम्प्युटर असायचा ते पाहुण्यांना मुद्दाम त्या खोलीत नेऊन बसवायचे, वर क्रोशाचं झाकण घालायचे. आमच्याकडं तो आला ह्यांचा आवाज गेला म्हणून. पुण्याला ऑपरेशन झालं, घशातली गाठ काढताना स्वरयंत्रच काढावं लागलं, आणि कॉलेजात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा माझा नवरा मुका होऊन घरी आला. आधी पाटी आणली. पण ह्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यात घाई. मला लागायचं नाही, मी "काय?" म्हटलं की हे पाटी आपटायचे. मीही काही कमी नाही. एकदा म्हटलं, "आपटा, अजून आपटा, फुटली की बोलणंच बंद!" मग दोघंही हसलो, आणि हसताना ह्यांचा आवाज आलाच नाही, तेव्हा मला रडू फुटलं.

कॉम्प्युटर आल्यावर घर परत बोलायला लागलं. पुण्याहून मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर टाकून आणलं होतं. दोन बोटांनी टकटक करायचे, पण काय बोलायचे! गळ्यातून बोलत होते तेव्हाही एवढं बोलत नव्हते. माझ्याशी पुस्तकी मराठीत, आणि आबांशी थेट सणसरच्या भाषेत.

आबा म्हणजे माझे सासरे. सणसरला ऊस, दोन म्हशी, आणि त्याआधीचं सगळं आयुष्य मेंढरांच्या मागं. कालव्याचं पाणी शेतात खेळायला लागलं तशी मेंढरं विकली, पण माणूस मनानं खांडातच राहिला. खांड म्हणजे त्यांच्या बोलीत कळप. बाजारच्या दिवशी एसटीनं बारामतीला यायचे, पिशवीत वांगी नाहीतर मक्याची कणसं असायची, चप्पल उंबऱ्याबाहेर काढून कॉम्प्युटरसमोर फरशीवर मांडी घालून बसायचे. खुर्ची दिली तर म्हणायचे, "नगं, हितनं बरा दिसतोय त्यो." आबांना वाचता येत नव्हतं. मग हे टाइप करायचे आणि मी मोठ्यानं वाचायची.

"आबा, तुमी मला बिऱ्हाडाच्या घोड्यावर बांधायचा, याद हाय का? वरनं मला नुसत्या मेंढरांच्या पाठी दिसायच्या. मला वाटायचं, जमीनच चाललीया."

"याद न्हाय व्हय?" आबा उसळायचे. "सोडलं असतं तर पडला असतास येड्या, झोपायचास तू वर!"

माझ्यावरही तोंडसुख घेणं चालायचं. "आबा, आज आमटीत मीठच न्हाय, पर मी गप हाय." हे वाक्य मी वाचताना मुकाट गाळायची. हे लगेच स्क्रीनवर बोट आपटायचे, वाच म्हणून. मी वाचायची, आबा खोखो हसायचे, आणि मी दोघांनाही म्हणायची, "बापलेक दोघं मिळून उपाशी राहा उद्या." खरं सांगते, लग्नानंतरचे ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते. लोकांना खोटं वाटेल, वाटू दे.

रोज संध्याकाळी बोलणं संपलं की हे त्या दिवसाचं सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे. चौकोनी, काळ्या, तळहाताएवढ्या फ्लॉप्या. मशीनचा काय भरवसा, म्हणायचे. प्लॅस्टिकचा डबा भरत आला होता.

गाठ परत आली. शेवटी शेवटी पलंग कॉम्प्युटरजवळ ओढला होता, कीबोर्ड उशीवर. शेवटचं काय टाइप केलं ते मी इथं लिहिणार नाही. ते गेले, घर परत मुकं झालं.

बाजारचा दिवस आला तसे आबा आले. पिशवीत वांगी. मला वाटलं, मला भेटायला आलेत, जेवून जातील. जेवले, हात पुसले आणि जाऊन फरशीवर बसले. "लाव की," म्हणाले. मला कळेना. "त्याचं बोलनं हाय न्हवं त्यात? लाव. कंचं बी लाव." मी फाइल उघडली आणि वाचायला लागले. आबा जागच्या जागी उत्तरं देत होते, जशी तेव्हा दिली होती तशीच. घोड्याचं आलं की "याद न्हाय व्हय?" मीठ आलं की हसू. मी वाचत होते आणि डोळे पुसत होते. त्या दिवसापासून आबांचा बाजारचा दिवस म्हणजे तोच. त्यांचा मुलगा त्या डब्यात होता, आणि एवढ्यावरच तो म्हातारा उभा होता. माझंही तसंच होतं, पण मला निदान घर होतं, शाळेची नोकरी होती. आबांना तेवढंच होतं.

मग शेजारच्या भाऊजींच्या मुलीचं लग्न ठरवायला घेतलं. त्यांनी कुठून तरी पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर आणलं, एका फ्लॉपीवर. ती फ्लॉपी त्याआधी कुठल्या कुठल्या घरी जेवून आली होती, देव जाणे. "वहिनी, पाच मिनिटांचं काम," म्हणाले. आमच्याकडं लग्नाच्या कामाला नाही म्हणत नाहीत, आणि विधवा बाईनं तर म्हणूच नये, लगेच अर्थ काढतात. त्यांनी फ्लॉपी घातली, गुण जुळवले, पेढे देऊन गेले. काही दिवसांनी कॉम्प्युटर कण्हायला लागला. फाइल उघडायला घेतली की नुसता घरघरायचा. कधी फाइलींच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "व्हायरस असंल वहिनी, सध्या सगळीकडं आलाय." जसा काही ताप आलाय! घालणारे तुम्ही, आणि वर मलाच बातमी देता? माझ्या ओठांवर आलं होतं, गिळलं.

दुरुस्तीवाला इंदापूरला कुठल्याशा ऑफिसात अडकला होता. उद्या येतो, असा निरोप आला. आणि निरोप आला तो दिवस नेमका बाजारचा.

"आबा, आज वाचता यायचं नाही. ह्याला रोग लागलाय."

"रोग?" आबा उठून उभेच राहिले. "कसला? लागंबीर हाय का? ह्याचा त्याला लागनारा?"

"हो, तसलाच म्हणतात."

आबांचा चेहराच बदलला. इतकी वर्षं आमच्या घरात ते पाहुण्यासारखे बसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मालकासारखे बोलले. "मग ह्येच्या संगं आनखी कोन कोन हुतं? ती बगितली का?" मी फ्लॉप्यांचा डबा दाखवला. "आगं मग बसलीस काय? आजारी जनावर ऱ्हाऊ दे बाजूला. आदी चांगली जनावरं तपासायची. एकेकाचं तोंड उघडून बगायचं."

मला पटलं. कुणालाही पटलं असतं. फ्लॉपीत काय आहे ते बघायचं तर कॉम्प्युटरातच घालून बघायला लागणार, दुसरी वाट कुठली? आबा एकेक फ्लॉपी दोन्ही हातांनी धरून मला द्यायचे. मी आत सरकवायची, घरघर व्हायची, नावांची यादी दिसायची.

"हाय?"

"आहे, आबा."

"बरा हाय?"

"बरा आहे."

मग ती फ्लॉपी ते दुसऱ्या बाजूला ठेवायचे, मला पदरानं पुसायला लावून. प्रत्येक फ्लॉपी. एकही सोडली नाही. शेवटची बाहेर आली तसा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "चला. खांड वाचलं." चहा मागितला, दोनदा घेतला. त्या रात्री ते सणसरला गेलेच नाहीत, दुरुस्ती होईपर्यंत हलत नाही म्हणाले.

दुरुस्तीवाला आला, मध्यमवयीन, मितभाषी गृहस्थ. मशीन सुरू करून बघितलं तर ते सुरूच होईना. मी म्हटलं, "हरकत नाही, आमच्याकडं सगळं फ्लॉपीवर आहे, कालच तपासलं." त्यांनी हात थांबवला. "कशात घालून तपासलं?"

"ह्याच्यातच."

ते मशीनजवळून उठले. डबा घेऊन दुकानात गेले, संध्याकाळी परत आले. सगळ्या फ्लॉप्यांत कचरा होता. अक्षर म्हणून अक्षर नाही. हातानं मान खाजवत त्यांनी समजावलं. व्हायरस मशीनच्या आत जागा होता. जी फ्लॉपी आत गेली तिच्यात तो उतरला, तिची सुरुवातच पुसून स्वतः जाऊन बसला. वर दिसत होती ती नावं, पुसण्याआधीची. हे मशीन बंद ठेवून दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर फ्लॉप्या बघितल्या असत्या तर एकीलाही धक्का लागला नसता. एक फ्लॉपी उचलून त्यांनी कोपऱ्यातलं सरकतं बटण दाखवलं. "हे असं सरकवलं ना मॅडम, की फ्लॉपी नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. व्हायरसलाही नाही. सरांनी सगळ्या फ्लॉप्या लिहायला उघड्याच ठेवलेल्या दिसतात."

उघड्याच ठेवणार. ह्यांचं बोलणं कुठं संपलं होतं? उरलेल्या जागेत अजून बोलायचं होतं ना त्यांना.

आबा फरशीवर बसून सगळं ऐकत होते. मी मनात म्हणत होते, आबांना नको कळायला, देवा, इंग्रजी शब्द आहेत, नाही कळायचं. पण त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"मेंढरांच्या खुरकतीत आसंच हुतं," ते म्हणाले. कुणाकडं बघत नव्हते. "एका मेंढीच्या तोंडात हात घालायचा, फोड हायती का बगाय. मग त्योच हात दुसरीच्या. आपून बगत जातो, आन रोग हाताबरुबर जातो. माज्या बापानं मला शिकवलं हुतं. हात धुतल्याबिगर दुसरीला शिवू नगं." आणि त्यांनी आपले हात पुढं धरले, पालथे, मग उताणे. "मला ठावं हुतं गं. मला ठावं हुतं की."

"आबा, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं.

"मीच हात घातला," ते म्हणाले.

ते गृहस्थ माझी समजूत घालायला गेले. म्हणाले, "तुमचं नशीब बरं म्हणायचं मॅडम. परदेशात असले व्हायरस निघालेत म्हणे, की फाइली कुलूपबंद करतात आणि पैसे मागतात." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग तसला का नाही आणलात हो आमच्याकडं? पैसे मागणाऱ्याच्या पाया पडले असते. पाटल्या दिल्या असत्या, मंगळसूत्र दिलं असतं. निदान त्याच्याकडं किल्ली असती. ह्याच्याकडं मागू काय?" ते बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचा काय दोष? पण कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं, आणि आबांवर ओरडणं शक्य नव्हतं.

त्यांनी मशीन पुसून नवं करून दिलं. "आता एकदम स्वच्छ आहे," म्हणाले. होतं खरं स्वच्छ. नुसतं निळं, रिकामं. अनोळखी फ्लॉपी आधी तपासल्याशिवाय घालायची नाही, प्रत्येक गोष्टीची एक प्रत बाहेर, दुसऱ्या घरी ठेवायची, तिचं बटण सरकवून, असं सगळं त्यांनी पढवलं. मी हो हो म्हणत होते. कशाची प्रत ठेवू, हे विचारायचं राहिलं.

त्यानंतर आबा बरेच आठवडे आले नाहीत. मीच सणसरला गेले. उसाच्या कडेला बाजेवर बसले होते, वाळले होते. सासूबाई गेल्या तेव्हाही असे दिसले नव्हते. मी भाकरी वाढली. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "तुज्या ध्यानात असंल तेवढं सांग."

मी सांगायला लागले. घोड्याचं सांगितलं. मिठाचं सांगितलं. ह्यांनी एकदा कुठल्याशा बोकडाचं टाइप केलं होतं, त्यातलं आठवलं ते सांगितलं. आबा उत्तरं देत नव्हते. नुसते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी थांबले.

"एक इचारू का पोरी?" ते म्हणाले. "त्याला आठवाय बसलो की मला तुजाच आवाज ऐकू येतोय. आपरेशनच्या आदी त्यो बोलायचा, त्यो आवाज कसा हुता गं?"

मी डोळे मिटून आठवून बघितलं. कॉलेजचं स्नेहसंमेलन आठवलं, लग्नातला उखाणा आठवला, जिन्यातून मारलेली हाक आठवली. ह्यांचे ओठ हलताना दिसत होते. ऐकू मलाही माझाच येत होता.