शेठच्या पाठीचा रंग

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या काकांनी बीगलचं पिल्लू घरी आणलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जेमतेम वर्षभराचा उजेड उरला होता. काचबिंदू होता आणि डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. त्या वर्षात काकांनी पिल्लू डोळे भरून पाहून घेतलं. पाठ काळीकुळकुळीत, डोकं आणि कान तपकिरी, कपाळावर पांढरी रेघ, पाय पांढरे आणि शेपटीचं टोक चुन्यात बुडवून काढल्यासारखं. नाव ठेवलं शेठ, कारण तो काडीचं काम करत नसे आणि जेवणाची वेळ कधी चुकवत नसे.

खुर्ची घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे वर्णन ऐकावंच लागे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, मला ते तोंडपाठ आहे.

पण बीगलच्या पिल्लाचा काळा रंग पुष्कळदा टिकत नाही. वय वाढतं तसा तो उतरतो आणि तपकिरी वर येतो. शेठचंही तेच झालं. पाठ पार तपकिरी झाली, तोंड पांढरं पडलं. काकांची मुलगी नवरा गेल्यावर कायमची माहेरी आलेली, रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. तिला हे रोज दिसत होतं. पण काकांनी "काळाभोर आहे ना अजून?" असं विचारलं, की ती "हो बाबा" म्हणायची आणि आल्यागेल्यांना, मलाही, खुणेने गप्प करायची. त्यांच्याकडे उरलेला एवढा एक रंग कशाला काढून घ्यायचा, असं तिचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही. आंधळ्या माणसाला आणखी अंधारात ठेवायचं, ही कसली माया?

एका सकाळी सिलिंडरवाल्याने दार उघडं टाकलं आणि शेठ निघून गेला. मानेवर जखम होती म्हणून पट्टा काढून ठेवलेला. मी बाहेर गेले होते आणि धुलाईखान्यात फोन जवळ ठेवू देत नाहीत. एरवी प्रत्येक गोष्टीला मुलीची वाट पाहणाऱ्या काकांनी त्या दिवशी शोधाशोध स्वतःच्या अंगावर घेतली. पकडलेली कुत्री ठेवतात तिथे त्यांनी फोन लावला आणि काळ्या पाठीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळं सांगितलं.

"एक म्हातारा बीगल आणलाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण तो तपकिरी आहे. अंगावर काळा केस नाही."

"मग तो आमचा नाही," काका म्हणाले.

शेठच्या डाव्या कानाला खाच होती. काकांची बोटं रोज तिच्यावरून फिरत, पण तिचा विषयच निघाला नाही. रंगावरच बोलणं संपलं आणि काका पुढच्या ठिकाणी फोन लावायला लागले.

संध्याकाळी मुलगी घरी आली, ऐकलं आणि चपलाही न काढता धावत सुटली. तोवर उशीर झाला होता. कुत्रं म्हातारं, धापा टाकणारं, मालक नाही आणि ठेवायला जागा नाही, म्हणून दुपारीच त्याला इंजेक्शन देऊन संपवलं होतं.

ती परतली तेव्हा मी काकांजवळ बसले होते. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, "बाबा, शेठ गेला. तपकिरी म्हणाले तो आपलाच होता. त्याची पाठ तपकिरी झाली होती. केव्हाचीच."

किती वर्षं झाली, एवढंच काकांनी विचारलं. सहा-सात असतील, ती म्हणाली.

काकांनी तिला फाडून खावं असं मला वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"म्हणजे मीच सांगितलं त्यांना, आमचा नाही म्हणून." मग त्यांनी मुलीच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "आणि तू? तू कशी दिसतेस आता?"

काकांनी माझ्या दिशेने मान वळवली.

"वहिनी, तुम्ही सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली, पण मला अडवलं नाही.

"केस पिकलेत," मी म्हणाले. "बरेच."