एकाच मापाचे तुकडे

मिस्त्रींनी मला फसवलं. मशीन विकणाऱ्या दुकानदारानं नव्हे. त्याला मी पुरून उरलो. घासाघीस करून मला हरवणारा माणूस सोलापुरात अजून सापडायचा आहे. पण आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची कपाटं करणाऱ्या या म्हाताऱ्यानं मला दहा दिवस राबवून घेतलं आणि मला कळलंही नाही.

मी शेंगाचटणी विकून वर आलेला माणूस. ज्या टेम्पोनं मला उभं केलं, त्याचा तळ गंजला होता. गॅरेजवाला म्हणाला, "भंगारात घाला." माझं डोकं फिरलं. म्हटलं, वेल्डिंगचं मशीन घेतो आणि घरीच जोडतो.

मिस्त्री दुकानात बरोबर आले, ते टेम्पोच्या पत्र्याचा तुकडा पिशवीत घालूनच. "बाया मॅचिंगला जाताना साडी नेत्यात की न्हाय? तसंच हाय."

दुकानदार चारशे अँपिअरचं धूड दाखवत छाती फुगवत होता. मिस्त्री म्हणाले, "जोर ऱ्हाऊ द्या. कमीत कमी कितीवर चालतंय?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा.

"शेठला पूल बांधायचा न्हाय. पातळ पत्रा शिवायचाय."

त्यांनी आमच्याच तुकड्यावर मशीन चालवून दाखवायला लावलं. रॉड टेकताच रुपयाएवढं भोक! मग कोपऱ्यातलं लहान मशीन काढायला लावलं. बंदुकीतून बारीक तार आपोआप पुढं येणारं, सोबत गॅसची टाकी, घरच्या लाइटवर चालणारं. टाका बसला, भोक नाही. पुढचं काम माझं. हातमोजे आणि काळ्या काचेचा मुखवटा फुकटात घेतल्याशिवाय मी पायरी उतरलो नाही.

"आता शिकवाल ना? फुकट," मी रस्त्यातच विचारलं.

"शिकिवतो की. पन टेम्पोला हात न्हाय लावायचा. आदी माज्याकडच्या टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा."

रोज सकाळी त्यांच्या शेडमध्ये माझी शाळा. "एक टाका द्या, थांबा. पत्र्याला दम घिऊ द्या. मग लांबचा टाका." मी घाईनं सरळ रेघ ओढायचो, पत्रा आकसून वाकडा व्हायचा आणि मी त्याला शिव्या घालायचो.

"शेठ, तुमाला बघून भ्यालाय त्यो."

जोड गार झाला की ते त्यावर अंगठा फिरवत. "हितं उंच झालंय." बघायची गरजच नाही! मला वाटलं, काय हा अनुभव. टाकाऊ तुकडे सगळे एकाच मापाचे, काटकोनात कापलेले. तरी मला, साक्षात मला, शंका आली नाही.

दहा दिवसांनी म्हणाले, "जावा आता टेम्पोकडं." तळ मी स्वतः जोडला. अजून ठणठणीत आहे.

पुढच्या महिन्यात नातीला सोडायला अंगणवाडीत गेलो. तिथं चार नवी कपाटं. एका कप्प्याच्या कोपऱ्यावर माझाच पहिल्या दिवशीचा ओबडधोबड टाका! मोजले. चाळीस कप्पे.

तावातावानं शेडवर गेलो तर कुलूप. मिस्त्री कायमचे अक्कलकोटला लेकीकडं गेले होते. फोन लावला, लेकीनं उचलला.

"काका, अप्पांना दोन वर्षं झाली, बारीक फट दिसतच नाही. शेवटची ऑर्डर कशी पुरी केली, देव जाणे."

तिनं फोन त्यांच्याकडं दिला.

"मिस्त्री, फसवलंत मला!"

"व्हय की," आवाज मजेत होता. "फुकट शिकवा, तुमीच म्हनला हुता न्हवं?"

"अहो, दिसत नाही म्हणून सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुमी भाव केला असता."

आणि हसत हसत फोन ठेवून दिला.

ते सुखात आहेत, सकाळभर ओट्यावर बसून कानडीत गप्पा हाणतात, असं लेक सांगते. बरं वाटतं ऐकून. चाळीस कप्प्यांचंही मला काही नाही. चारशे केले असते. पण म्हणे भाव केला असता! मिस्त्री, सोमवारी मी तोच टेम्पो घेऊन अक्कलकोटला येतोय. माझ्याबद्दल असं तुम्हाला कशावरून वाटलं, ते तोंडावर सांगा. सांगितल्याशिवाय मी ओट्यावरून उठणार नाही.