मामांचा एक टिंग

माझे धाकटे मामा कळंबच्या एका बँडमध्ये होते आणि एका गाण्यात एकदाच वाजवत. त्यांच्या गळ्यात दोरीने अडकवलेला लोखंडी त्रिकोण असे. तो बँडच्या मास्तरांनी गॅरेजवाल्या चाचांकडून सळई वाकवून करून घेतला होता. वाजवायचा खिळा मात्र मामांचा स्वतःचा. बाकीचे तेरा जण घामाघूम होऊन वाजवत असताना मामा खिळा धरून शांत उभे असत.

त्या वर्षांत एक हिंदी गाणं प्रत्येक वरातीत वाजे. दुसरं कडवं संपताना सगळी वाद्यं एकदम थांबतात, त्या शांततेत एक बारीकसा ‘टिंग’ होतो आणि गाणारी वरच्या सुरात पुन्हा धृपद उचलते. कॅसेटवर तो ठोका इतका हळू आहे, की घरात कोणी भाकर थापत असेल तरी ऐकू येत नाही. मामांनी मामीला थापायचं थांबवून, माझा कान टेपला लावून तो मला ऐकवला होता.

“आला काटा अंगावर?”

मी बाही वर करून पाहिली. आला होता. मामांनीही आपली बाही वर केली. आम्ही दोघं हात शेजारी धरून तपासत बसलो.

“पाहा पाहा,” मामी तव्याकडे बघत म्हणाली. “कोनाचा काटा मोठा हाय थे ठरवा अन् मंग सांगा मले. तवरिक भाकर जळू द्या.”

वरातीत नाचणाऱ्यांनी त्या जागेचा एक नियम करून टाकला होता. वाद्यं थांबली की एक पाय उचलून थांबायचं आणि टिंग झाला की तो खाली टाकायचा. हा नियम कोणी काढला माहीत नाही, पण पुसदपर्यंत सगळे तो पाळत. मामा टिंग लगेच देत नसत. सगळ्यांचे पाय वर आले का ते पाहत. एखाद्या म्हाताऱ्याचा गुडघा दुखत असेल आणि पाय उशिरा उठत असेल, तर त्याच्यासाठी थांबत. मग टिंग. धुरळा उडे, आणि त्या धुरळ्यात डोळे पुसणारी माणसं मी मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आहेत. विचारलं तर म्हणत, कचरा गेला.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मी निघालो तेव्हा नातेवाइकांनी आईला विचारलं होतं, एवढ्या कापूस वेचणाऱ्या हातांत एकानं पुस्तक धरून काय होणार? मामा म्हणाले, “बँडमंदी बी एकच टिंग असते. चौदाबी जन ढोलच वाजवतो म्हनले तं लोकं पाय कवा टाकतीन?” माझ्या पदवीत त्या वाक्याचा मोठा वाटा आहे, हे मी आजही कृतज्ञतेने सांगतो.

पुढे कापसाने दगा दिला. एक वर्ष, मग दुसरं, मग मोजणंच सुटलं. लग्नं आखडली. आधी पंगतीतली बुंदी गेली, मग मांडवाच्या झालरी गेल्या, मग बँड अर्धे झाले. मास्तरांनी दोनपैकी एक जीप विकली. उरलेल्या जीपमध्ये ढोलासकट नऊ माणसं मावत. मास्तर स्वतः घरी आले, खाटेवर बसले आणि बराच वेळ चहा ढवळत राहिले.

“भाऊ, तुमी मनाले लावून घेऊ नका. पन एका टिंगासाठी एक माणूस, एक ड्रेस, जीपमंदी एक जागा... थे आता जमून नाई राह्यलं.”

“बरोबर हाय,” मामा म्हणाले आणि त्रिकोण आणून दिला. खिळा खिशातच राहिला.

दुसरं काही वाजवायला शिकायचा त्यांनी प्रयत्न केला. पण ढोल त्यांना फार बडबड्या वाटे. घरी ते जेवताना मध्येच घास हातात धरून थांबत, आणि मग खिळ्याने ताटाच्या कडेला एकदा वाजवून पुढे जेवत. आई त्यांची मोठी बहीण. तिने विचारलं, “कायले जीव जाळतं रे? वावरात कामं कमी हायेत का?” मामा म्हणाले, “कामाचं नाई व अक्का. सगळे पाय वर असतेत ना, तवा मले तिथं उभं राहाचं असते.”

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरदेवाकडच्यांनी नेमका मामांचाच बँड आणला. मामा मुलीचे मामा म्हणून मांडवाच्या दारात हातात गुलाबदाणी घेऊन उभे. आमच्यात मुहूर्त नसतो, त्यामुळे उशिराने तसं काही बिघडत नाही. पण बौद्धाचार्यांना त्या दिवशी आणखी दोन लग्नं लावायची होती आणि ते सारखं घड्याळ पाहत होते.

वरात दारापासून वीस पावलांवर आली आणि ते गाणं लागलं. दुसरं कडवं संपलं. वाद्यं थांबली. तीस-चाळीस पाय वर गेले.

टिंग झाला नाही. मास्तरांनी घाईने क्लॅरिनेटवर धृपद उचललं. पण एकही पाय खाली आला नाही.

“टिंग कुठं हाय?” दातात रुमाल धरलेला एकजण ओरडला.

त्रिकोण मास्तरांच्या घरी राहिला होता. त्यांनी झांज वाजवायला लावली.

“हे टिंग नोहोय बाप्पा, भांडं पडलं हे!”

गाणं पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. वरात वीस पावलांवरच. नवरदेवाची आत्या एका पायावर, दुसऱ्या बाईच्या खांद्याला धरून उभी होती आणि म्हणत होती, “मी नाई टाकत. आजवर कवाच तसा नाई टाकला.” मांडवातून बौद्धाचार्य बाहेर आले. “काय अडलं?” त्यांना सांगितलं. ते गंभीर होऊन म्हणाले, “मग करा काहीतरी. पुढचे लोक उन्हात बसले आहेत.”

मास्तर मामांकडे आले. सगळ्या गावासमोर हात जोडले. “भाऊ, या.”

“मी कसा येऊ? मी पोरीकडला माणूस. वरातीत वाजवलं तं मांडवात उभं कोन राहीन?”

दोन्हीकडचे वडीलधारे जमले. बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, मामांनी पाच मिनिटं पाहुणा व्हावं. कोणी म्हणालं, त्यापेक्षा वरातीनेच मांडवात येऊन पाय उचलावा. शेवटी आई म्हणाली, “उंबरठ्याच्या अल्याडून वाजव. आवाजाले कुठं कोनाकडला असते?”

गाणं चौथ्यांदा सुरू झालं. दुसरं कडवं संपलं. पाय वर गेले. मांडवात पंगतीची पानं मांडणाऱ्यांनीही उचलले. आतल्या खोलीत माझी बहीण नव्या लुगड्यात एका पायावर उभी होती, हे तिने नंतर सांगितलं. मामांनी डाव्या हातात पितळी गुलाबदाणी उंच धरली, खिशातून खिळा काढून तिच्या कडेजवळ नेला, आणि पाहत राहिले. आत्याबाईंचा पाय पुरता वर आला नव्हता. ते थांबले. बौद्धाचार्यांनीही घड्याळ पाहिलं नाही.

टिंग.

धुरळा उडाला. मी बाही वर करून पाहिली नाही. गरज नव्हती.

पंगतीत मास्तर मामांना वाढायला आले. “उद्यापासून या. बाभुळगावले लग्न हाय.”

“जागा?”

मास्तर विचारात पडले. “ढोलवाल्याच्या मांडीवर...”

“मांडीवर नाई. मांगच्या फळीवर उभा राहीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आमच्या फाट्यावर थांबली. मामा मागच्या फळीवर चढले. एका हाताने जीपची दांडी धरली. मास्तरांनी आतून हात काढून त्रिकोण त्यांच्या गळ्यात घातला. रस्ता खड्ड्यांचा होता आणि जीप उसळत निघाली. मी बराच वेळ कान देऊन उभा होतो, पण आवाज आला नाही. चुकीच्या जागी वाजू नये म्हणून मामांनी त्रिकोण दुसऱ्या मुठीत घट्ट धरला होता.