पेढ्यांवरून निवडलेला दवाखाना

मिनलचं हुडकेश्वरला ब्युटी पार्लर. भुवया कोरताना दोऱ्याचं टोक दातात धरावं लागतं, म्हणून गिऱ्हाईक बायकांना ती फार आवडायची. बोलणार त्या, ऐकणार ही. लग्नाला सात वर्षं होऊन पाळणा हलला नाही म्हटल्यावर प्रत्येकीच्या पदराला एकेक डॉक्टर बांधलेला असायचाच. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमक्याकडे जुळीच होतात, म्हणजे एकावर एक फ्री. मिनलला मूल हवं होतं, जीव तुटेपर्यंत हवं होतं. सल्ले नको होते.

शेवटी दवाखाना निवडायचं काम सासूबाईंनी, प्रेमलताबाईंनी, अंगावर घेतलं. भाजीवाल्याने पिशवीत टाकलेलं वांगंसुद्धा ही बाई काढून दाबून बघते. त्या नंदनवन भागातल्या एका दवाखान्यापाशी गेल्या आणि डॉक्टरला सोडून शेजारच्या मिठाईवाल्याकडेच चौकशी करून आल्या.

"रोज किलो-किलोनं पेढे जाते म्हणते तो! पोरं झाल्याबिगर कोण वाटते वं पेढे?"

तर्क बिनतोड होता. तिथे मिनलला सुया टोचून झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, गोळ्यांनी तोंडाची चव गेली. मग कधीतरी कळलं की दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोलीस भरतीचा क्लास आहे आणि पेढे सगळे तिकडचे. मिनल आधी खो-खो हसली आणि मग ढसाढसा रडली.

"आता मीच पाहीन," ती म्हणाली.

सक्करदऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंना तिने फोन करून एकच विचारलं, आधी कोणाला तपासता? "दोघांना," उत्तर आलं. मिनलने लगेच नंबर लावला. सासूबाई फुरंगटून का होईना, सोबत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी मिनलच्या नवऱ्यापुढे, बंटीपुढे, प्लास्टिकची डबी ठेवली. रोज जिममध्ये लोखंड उचलणारा हा गडी त्या डबीकडे बघून घामाघूम झाला.

"मले काय धाड भरली? मी काहून तपासून घेऊ?"

आता सासूबाई लेकाची बाजू घेणार आणि आपण पुन्हा एकट्या पडणार, याची मिनलला खात्रीच होती.

"तू नऊ वर्षांनी झाला गा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तोवर उपास म्या केले, अंगारे म्या खाल्ले, वांझ म्या म्हणून घेतलं. तुझ्या बापाले कोणी साधी गोळी खा म्हटलं नाही. म्याही नाही म्हटलं."

बंटी मान खाली घालून उठला. बाहेरच्या बायकांना दिसू नये म्हणून त्याने डबी शर्टाखाली सरकवली.

"लपवून काहून राहिला?" आई मागून ओरडली. "ती सात वर्षांपासून समद्यांच्या समोरच उभी आहे ना!"