भिंतीवरचे विमान मुकुंदचे नाही

वस्तुस्थिती आधी, आणि क्रमाने.

माझा धाकटा भाऊ, विंग कमांडर मुकुंद, हवाई दलात मालवाहू विमाने चालवत असे. गेल्या वर्षी तो गेला. त्यानंतर खेड तालुक्यातल्या आमच्या गावाने शाळेच्या नव्या सभागृहाला त्याचे नाव द्यायचे ठरवले, खर्च मुंबईकर मंडळाने उचलला, आणि परवा रविवारी सकाळी उद्घाटन झाले. मी रत्नागिरीहून वेळेआधी पोहोचले. कार्यक्रम वेळेनंतर सुरू झाला... असो.

पडदा सरकला. भिंतीवर मुकुंदचा हसरा चेहरा, त्याच्यामागे आग ओकणारे लढाऊ विमान, आणि खाली ठळक अक्षरे... 'शत्रूचा कर्दनकाळ'.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले आहे. तसल्या पंखांनी त्या कोनात ते विमान उडूच शकत नाही, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवते. मुद्दा असा, की मुकुंदने असले विमान कधी चालवलेच नाही. तो वर लेहकडे पीठ, बटाटे, रॉकेल आणि जिवंत बकऱ्या न्यायचा, आणि येताना सुट्टीवर निघालेल्या जवानांना आणायचा. बर्फाने रस्ते बंद झाले की कित्येक चौक्यांमधली चूल त्या सामानावर पेटत असे.

मंडळाचे अध्यक्ष नात्याने माझे भाचे लागतात. त्यांना तिथेच गाठले.

"आत्या, चित्रात जरा दम नको काय? ते मालवाहू म्हणजे उडती म्हैस दिसते. पोरांना स्फूर्ती कशी येणार?"

उडती म्हैस! मुकुंद खूश झाला असता. "गाभण आहे बिचारी, हळूच चढते," असे तो स्वतःच आपल्या विमानाबद्दल सांगायचा. वडील कोयना प्रकल्पावर होते, आमचे बालपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेले, आणि कुंभार्ली घाट धापा टाकत चढणारी एसटी हे त्याचे पहिले प्रेम. विमानातही त्याने तोच बाणा ठेवला... घाई नाही, पण पोचणार सगळे.

मग भाषणे झाली. एकामागून एक वक्ते त्याच्या हातून शत्रूची विमाने पाडत राहिले. त्यातले एकही पडल्याचे आम्हा घरच्यांना ठाऊक नव्हते.

एवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. निवृत्त हवालदार कदम, शेजारच्या गावचे. सध्या लोट्याच्या एका कंपनीत सिक्युरिटीला आहेत आणि ड्युटी संपवून थेट गणवेशातच आले होते. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव नव्हते. मला असले प्रकार आवडत नाहीत... पण माईक तोवर त्यांच्या हातात गेला होता.

ते सांगू लागले. शिमग्याला घरी यायचे म्हणून ते लेहला आभाळ उघडण्याची वाट पाहत अडकून पडले होते. अखेर विमान आले. निघण्याआधी वैमानिक स्वतः मागे आला आणि कोण कुठला ते विचारू लागला.

"मी म्हटलं, खेड, साहेब. तर बोलतात, मग तुला वेगळं सांगायला हवं. उलटी आली तर खिडकी उघडायची नाय, हा काय कुंभार्ली घाट नव्हे!"

सभागृह हसले. सकाळपासून पहिल्यांदा भिंतीवरचा तो चेहरा मला ओळखीचा वाटला.

कदम पुढे म्हणाले, वर गेल्यावर ऐन डोंगरांमध्ये उजवीकडचा पंखा थांबला. त्यांनी तो थांबताना पाहिला. शेजारचा जवान डोळे मिटून देवाचे नाव घेऊ लागला. तेवढ्यात माईकवर मुकुंदचा आवाज आला, आधी हिंदीत, मग खास कदमांसाठी मराठीत...

"खेडकर, घाबरू नका. एक इंजिन दमलंय. पण दुसरं माझ्या ताईसारखं आहे. कुरकुरेल, सगळ्यांच्या चुका काढेल, पण अर्ध्या वाटेत सोडायचं नाही."

कदमांनी माईक जवळ घेतला. "आमी हसलो वो. जीव मुठीत धरून बसलेली माणसं हसलो. आन् नीट उतरलो. त्या शिमग्याला पालखी नाचवली मी... साहेबांची ती ताई कोण, ते काय मला ठाऊक नाय."

सगळे सभागृह माझ्याकडे वळले.

हा प्रसंग मुकुंदने घरी कधीच सांगितला नव्हता. मी कुरकुरते, हे मला मान्य नाही. अचूकतेचा आग्रह धरते, इतकेच. तरीही सांगते... पदव्या, सुवर्णपदक, विभागप्रमुखपद, यांपैकी कशानेही मला त्या क्षणाइतका अभिमान दिलेला नाही. एवढ्या माणसांचा जीव हातात असताना, त्यांना धीर द्यायला माझ्या भावाला मी सुचले. हवालदार कदम, मी आपली ऋणी आहे.

कार्यक्रमानंतर अध्यक्ष जवळ आले. "आत्या, आता रंग सुकला. राहू दे ना. कोण एवढं बघतंय?"

मी बघते आहे. आणि त्या शाळेतली मुले रोज बघणार आहेत. आपल्या गावचा एक माणूस उपाशी चौक्यांपर्यंत धान्य नेत होता, माणसांना घरी आणत होता आणि जिवावर बेतले तेव्हाही त्यांना हसवत होता... हे त्या मुलांना कळणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून मंडळास ही जाहीर सूचना. ते चित्र पुसून तिथे मुकुंदचे खरे विमान काढावे, पोट सुटलेले, दोन पंख्यांचे. छायाचित्र मी पाठवले आहे. 'कर्दनकाळ' काढून टाकावे आणि त्या जागी कदमांनी सांगितलेला प्रसंग, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत लिहावा.

निर्णय होकारार्थी असो वा नकारार्थी, कारणांसह आणि अध्यक्षांच्या सहीने मला लेखी कळवावा. फोनवरचे आश्वासन, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा आणि 'बघू या, आत्या' यांना मी उत्तर मानत नाही.