दहा मिनिटं मागे

माझा दादा पन्नाशी ओलांडलेला, जेमतेम दहावी शिकलेला, आणि आमच्या छापखान्यातल्या एकूण एक कॉम्प्युटरचा वाली. लागला होता वायरमन म्हणून. पुढे छपाईची मशिनं कॉम्प्युटरवर चालायला लागली, तशी यानं पुस्तकं आणून नेटवर्क शिकून घेतलं. बोलतो कमी. मी त्याची धाकटी बहीण, तिथेच डिस्पॅचच्या टेबलावर बसते, आणि त्याच्या वाटचंही मीच बोलते असं मालकीणबाई म्हणतात. म्हणू देत.

शाळेची पुस्तकं छापून घेणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं यंदा अट घातली, नेटवर्कवर लक्ष ठेवणारा सेन्सर बसवा. जेवणाच्या डब्याएवढी वस्तू. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या मुख्य स्विचला जोडली की येणारं-जाणारं सगळं नुसतं ऐकत बसते, कुठल्या मशिनवर जुनंपानं सॉफ्टवेअर चाललंय ते हेरते आणि क्लाउडवरच्या एका सेवेला कळवते. ती सेवा मग चोर कुठून शिरू शकेल याची यादी देते. बाईंनी दादाला सरळ सांगितलं, "शुक्रवारी पाचपर्यंत जोडणी झाली पाहिजे. नाही जमलं तर हे काम बाहेरच्या कंपनीला, आणि तुम्ही गोदामात."

गोदामात म्हणजे कागदाचे गठ्ठे रचायला. ज्या माणसानं भिंतीभिंतीतून स्वतःच्या हातानं केबली ओढल्या, त्यानं आता गठ्ठे रचायचे. माझं डोकंच फिरलं.

बुधवारपासून दादा त्या डब्यापुढे बसून होता. क्लाउडच्या पानावरून एक चावी मिळायची, म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. ती पाच मिनिटांच्या आत सेन्सरमध्ये भरायची. आणि डबा दर वेळी एकच पालुपद लावायचा, ही चावी अजून लागू झालेली नाही. केबल बदलून झाली, डबा बंद-चालू करून झाला. त्या सेवेच्या मदतीच्या नंबरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आमच्याकडून सगळं ठीक आहे.

शुक्रवारी चार वाजून गेल्यावर मी त्याला चहा द्यायला गेले आणि राहवलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "तीन दिवस झाले, दादा." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मोबाइलकडे, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

आता हे सांगायला हवं की आमचा छापखाना जगाच्या दहा मिनिटं मागे चालतो. भोंगा, हजेरीचं मशिन, भिंतीवरची घड्याळं, सगळं मुख्य सर्व्हरच्या वेळेवर, आणि तो सर्व्हर दहा मिनिटं मागे. येताना दहा मिनिटं उशिरा, तशी जातानाही उशिरा, म्हणून कुणी तक्रार केली नाही. नव्या माणसानं विचारलं तर जुने सांगायचे, हा छापखान्याचा टाइम. पहिला पंधरवडा सोडला तर अकरा वर्षांत माझा एकही लेट मार्क नाही. तसं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, काचेच्या चौकटीत. दादाला त्यावरून मी पुष्कळदा ऐकवलंय.

सेन्सरही वेळ त्याच सर्व्हरकडून घेत होता. त्याच्या लेखी ती चावी अजून जन्मालाच आली नव्हती, आणि जन्माला येईपर्यंत तिची पाच मिनिटं उलटून गेलेली.

"मग कर की घड्याळ बरोबर," मी म्हटलं.

"आधी बाईंना सांगायला हवं. ते मीच मागे केलं होतं."

"तू? कधी?"

"झाली अकरा वर्षं," दादा म्हणाला आणि जिना चढायला लागला. मी मागोमाग.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण का केलंत?"

"कारण सांगत नाही. चूक माझी आहे," दादा म्हणाला.

त्याची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अकरा वर्षांपूर्वी मी इथे लागले होते. मुलगी वर्षाची. पाळणाघर आठला उघडायचं आणि भोंगाही आठलाच. तिला सोडून पळत आलं तरी नऊ मिनिटं लागायची. पहिल्या पंधरवड्यात दोन लेट मार्क पडले, तिसऱ्याला घरी बसायचं. त्यानंतर मात्र मी रोज वेळेवर पोचायला लागले. मला वाटलं, पायांना सवय झाली. चारचौघांत तसं सांगितलंसुद्धा. आणि हा मुखदुर्बळ माणूस इतकी वर्षं माझे टोमणे ऐकत बसला. मला रडूच आलं.

"बाई, माझ्यासाठी केलं त्यानं," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "चार वीस. म्हणजे साडेचार. अर्धा तास उरलाय आणि तुम्ही इथे काय उभे आहात?"

दादानं सर्व्हरची वेळ बरोबर केली, नवी चावी घेतली, भरली. डब्यानं मुकाट घेतली. क्लाउडच्या पानावर आमची मशिनं एकेक करून उगवायला लागली. पाचच्या आत त्रेसष्ट. सगळ्यात वर लाल अक्षरांत पार्टिशनमागचा जुना प्रिंटर होता, कधीच बंद केला असं सगळे समजून होते तो. "याला विसरलोच होतो की," दादा म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

सोमवारी बाई खाली आल्या. "ही यादी तुम्हीच निस्तरायची. घड्याळ आता बरोबरच राहील, भोंगा मात्र आठ दहाला वाजेल, लोकांना सवय झालीय. आणि पुन्हा घड्याळाला हात लावलात तर गोदाम."

मी घरून ते प्रमाणपत्र आणलं होतं. त्याच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"तुझं आहे."

त्यानं काच बाहीनं पुसली आणि चौकट माझ्या हातात परत दिली. "पळत तर तूच यायचीस," तो म्हणाला आणि यादीतल्या पुढच्या मशिनकडे वळला.